मागच्या टायरचा हिशेब

कोकणातून परत आलो की सायकल धुवायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. जांभ्याची तांबडी माती मडगार्डच्या आत, चेनच्या कड्यांत, स्पोकच्या मुळाशी जाऊन बसते आणि एकदा वाळली की निघता निघत नाही. गेल्या खेपेला मागचं चाक फिरवत टायरवर ओलं फडकं धरलं होतं. फिरता फिरता एका जागी पांढरी रेघ दिसली. वाटलं, चुना लागलाय. नखाने खरवडलं तर सुटेना. डोळ्याजवळ नेऊन पाहिलं तेव्हा कळलं, ते टायरचं सूत होतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत रबर पार झिजून खालचं कापड उघडं पडलं होतं. पुढच्या टायरची मधली नक्षी मात्र अजून इतकी शाबूत होती की तिच्यात नखाचं टोक रुतत होतं. दोन्ही टायर एकाच दिवशी बसवलेले. दोघांनी कापलेलं अंतरही तेवढंच, ७,४०० किलोमीटर.

‘टायर किती किलोमीटर चालतो?’ लांबच्या सफरीची पहिल्यांदा तयारी करणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. पुणे ते कन्याकुमारी जायला निघालेली कॉलेजची मुलं विचारतात, सायकलवरून नर्मदा परिक्रमा करू पाहणारे निवृत्त गृहस्थ विचारतात. आकडा द्यायचा तर देता येतो. टूरिंगच्या टायरमध्ये जगभर नावाजलेली श्वाल्बे ही जर्मन कंपनी आपल्या मॅरेथॉन मालिकेतल्या टायरचं आयुष्य साधारण ६,००० ते १२,००० किलोमीटर सांगत आली आहे. हलक्या, वेगासाठी बनवलेल्या टायरचा खेळ २,००० ते ५,००० मध्ये आटोपतो. पण ६,००० आणि १२,००० यांत दुपटीचं अंतर आहे. ते कशामुळे पडतं हे कळल्याशिवाय या आकड्याचा प्रवासात काही उपयोग नाही. एकच टायर एकाला चार हजारांत दगा देतो, दुसऱ्याला पंधरा हजार साथ देतो आणि दोघंही खरंच सांगत असतात.

आधी झीज म्हणजे किती, ते पाहू. ७०० बाय ३५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.१७ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४६० फेरे आणि ८,००० किलोमीटरला जवळजवळ ३७ लाख फेरे. टायरच्या मधोमध असलेला रबराचा थर तीन मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात झिजणारं रबर एक नॅनोमीटरसुद्धा भरत नाही. माणसाचा केस याच्या हजारो पटींनी जाड असतो. इतक्या बारीक झिजेवर टायरचं सगळं आयुष्य तोललेलं असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात रबर किंचित जास्त घासलं गेलं, तरी शेवटच्या हिशेबात दोन-तीन हजार किलोमीटरचा फरक पडतो.

मागचा टायर आधी का संपतो, याचं कारण यातच आहे. सायकलवर बसलेल्या माणसाचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकावर येतं. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्या की हा वाटा आणखी वाढतो. पण वजनापेक्षाही मोठं कारण म्हणजे ओढ. पुढचं चाक नुसतं गडगडत असतं, सायकल ढकलायचं सगळं काम मागच्या चाकाचं. पॅडल मारल्यावर टायर रस्त्याला मागे रेटतो, तेव्हा टेकलेल्या जागेतलं रबर अगदी सूक्ष्म प्रमाणात घसरतं आणि घसरताना झिजतं. रेटा दुप्पट झाला की ही झीज दुपटीहून जास्त वाढते.

आता घाट धरा. सत्तर किलोचा माणूस, पंधरा किलोची सायकल, पंचवीस किलोचं सामान, एकूण ११० किलो. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरने जायला मागच्या चाकाला दीड-पावणेदोन किलो वजनाइतका रेटा पुरतो. सहा टक्के चढावर त्याच माणसाला सात किलोच्या पुढे रेटा लागतो, म्हणजे चौपटीहून जास्त. वरंध्याच्या नाहीतर आंबा घाटाच्या चढाचा प्रत्येक किलोमीटर टायरच्या वहीत सपाटीच्या कितीतरी किलोमीटरएवढा लिहिला जातो. नागपूर-अमरावतीकडे सपाटीवर फिरणाऱ्याचा टायर आणि महाबळेश्वर-पोलादपूर करणाऱ्याचा टायर यांची किलोमीटरवर तुलना करणंच चुकीचं आहे. उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घासटत नेण्याची सवय असेल, तर एकाच घसरणीत टायरवर सपाट चट्टा पडतो आणि पुढे तीच जागा सर्वांत आधी सूत दाखवते. बहुधा माझ्या टायरवरची ती पांढरी रेघही अशाच एखाद्या उतारावर सुरू झाली असावी.

रस्त्याचं आणि उन्हाचं वेगळं सांगायला नको. टोकदार खडी वर आलेला जुना डांबरी रस्ता कानशीसारखा असतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. रबर तापलं की मऊ पडतं आणि लवकर झिजतं. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघून अकराला थांबणारा माणूस स्वतःबरोबर टायरही वाचवत असतो.

मात्र टायर वेळेआधी जाण्याची मी पाहिलेली बहुतेक उदाहरणं ना घाटाची होती ना खडीची. ती हवेची होती. टायरचा खरा सांगाडा म्हणजे रबराच्या आतलं नायलॉनच्या धाग्यांचं कापड. रबर हा त्याच्यावरचा झिजायचा तळवा. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू नको इतकी वाकते, लाखो वेळा वाकते आणि आतले धागे एकेक करून तुटू लागतात. बाहेरून आधी बारीक भेगा दिसतात, मग बाजू मऊ, ढिली लागते. मधलं रबर अजून हजारो किलोमीटरचं शिल्लक असताना टायर कामातून जातो. खड्ड्यात आपटल्यावर ट्यूब रिमच्या कडांमध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, तेही कमी हवेमुळेच. उलट हवा ठासून भरली, तर टायर रस्त्याला फक्त मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर टेकतो, तेवढाच भाग भराभर झिजतो आणि दगडावर आपटताना धागे दबण्याऐवजी कापले जातात.

मग हवा किती? टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा छापलेली असते, त्यांच्या मधली जागा आपण शोधायची. अमेरिकेतले सायकल-तंत्रज्ञानाचे जाणकार फ्रँक बर्टो यांनी सांगितलेला मापदंड मला सर्वांत उपयोगी वाटतो. सामानासकट सायकलवर बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या १५ टक्के दबला पाहिजे. ३५ मिमीच्या टायरला हे पाच मिलिमीटर होतात. भिंतीला टेकून बसावं आणि दुसऱ्याला पट्टी धरून पाहायला सांगावं. माझ्या वजनाला मागे ६५ आणि पुढे ५० पीएसआय बसतं, तुमचं वेगळं येईल. आणि ते मोजायला गेज असलेला पंपच हवा. अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली जुनी रीत ट्यूब पंक्चर आहे की नाही एवढंच सांगते. ५० आणि ७० पीएसआयमधला फरक अंगठ्याला कळत नाही. ब्युटाइल रबराच्या चांगल्या ट्यूबमधूनही आठवड्याला थोडी हवा उतरतेच, म्हणून सफरीत दर तिसऱ्या-चौथ्या सकाळी पंप लावावा.

टायरचं आणखी एक म्हातारपण किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, ते वर्षांत मोजावं लागतं. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून सायकलींची मागणी एकदम वाढली. हौसेने घेतलेल्या त्यांतल्या कितीतरी सायकली आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हवा उतरलेल्या चाकांवर उभ्या आहेत. ‘पाचशे किलोमीटरही झाले नाहीत, टायर नवाच आहे’ असं मालक सांगतात. वाकून पाहिलं तर बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. हे काम ओझोन वायूचं. वातावरणात तो आपल्या आसपास अत्यल्प प्रमाणात असतोच. नैसर्गिक रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्यांच्या विशिष्ट जोडांवर ओझोन घाव घालतो आणि साखळी तुटते. रबर ताणलेलं असेल तिथे ही तोड पटकन भेगेच्या रूपाने उघडते. याला उतारा म्हणून कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. पण ती पृष्ठभागावर येत राहायला टायरचं वाकणं, फिरणं मदत करतं. उभ्या सायकलीचं हे संरक्षण कमी पडतं. वर ऊन लागत असेल तर अतिनील किरण आपली भर घालतात. टायर काळा असतो तोही याचसाठी. त्यातली काजळी झीज कमी करते आणि या किरणांनाही अडवते.

तेव्हा वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या सायकलीला सफरीवर न्यायचं असेल तर नक्षी पाहून भुलू नका. हवा पूर्ण भरा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी बाजूच्या भेगांमध्ये नख घालून बघा. रबराच्या कातडीपुरत्या भेगा असतील तर गावातल्या गावात फिरायला हरकत नाही. भेगेच्या तळाशी धागा दिसला तर तो टायर पाचशे किलोमीटरचा असला तरी संपलेला आहे. नवा टायर घरात ठेवायचा झाला तर अंधाऱ्या, कोरड्या, थंड जागी ठेवावा. गच्चीवरची पत्र्याची खोली ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा.

चालत्या टायरकडे कसं बघायचं, हेही शिकायला हवं. नवा टायर आडव्या छेदात गोल असतो. झिजत गेला की मधोमध सपाट पट्टा तयार होतो, मागून पाहिलं तर टायर चौकोनी दिसू लागतो आणि वळणावर सायकल टाकताना त्या कडेवरून ती किंचित अडखळून कलते. कॉन्टिनेंटलसारख्या काही कंपन्या रस्त्यावरच्या टायरच्या मध्यभागी दोन बारीक खळगे ठेवतात. ते बुजले की टायर संपला. ज्याच्यावर अशी खूण नाही त्याच्यासाठी पंक्चरची वही ठेवावी. तीन हजार किलोमीटरमध्ये एखादं पंक्चर झालेलं असताना एकाच आठवड्यात तीन झाली, तर दोष रस्त्याला देण्याआधी टायर पाहावा. रबर पातळ झालं की बाभळीचा जो काटा पूर्वी अर्ध्यात अडकून मोडायचा तो आता थेट ट्यूबपर्यंत जातो. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधल्या केसासारख्या पोलादी तारा पडलेल्या असतात, त्यांचंही तेच. मुक्कामाला पोचल्यावर, चहा येईपर्यंत, सेफ्टी पिनच्या टोकाने टायरमध्ये रुतलेल्या काचा आणि खडे काढून टाकायची सवय लावा. ही काच पहिल्या दिवशी भोक पाडत नाही. रोज हजारो फेऱ्यांत ती थोडी थोडी आत सरकते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, बहुतेक भर उन्हात, ट्यूब गाठते. आणि टायरवर कुठे टेंगूळ दिसलं, तर आतलं कापड फाटलेलं आहे असं समजा. त्यावर उतार उतरायचा नाही.

नक्षी गेली की पावसात टायर घसरतो, ही समजूत मोटारीवरून आली आहे. मोटारीचा रुंद टायर पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा लागतात. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक साधं सूत्र मिळालं. टायर पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. ६० पीएसआयला तो वेग ताशी १२५ किलोमीटरच्या पुढे येतो. सामान लादलेली सायकल तिथवर जात नाही. तेव्हा डांबरी रस्त्यासाठी गुळगुळीत टायर धोक्याचा नाही, पातळ टायर धोक्याचा आहे. चिखलाची गोष्ट मात्र निराळी. पावसाळ्यात रस्त्याची कडा सोडून मातीत उतरावं लागणार असेल तर नक्षी हवीच.

मागचा टायर आधी झिजतो म्हणून अधूनमधून पुढचा मागे आणि मागचा पुढे करावा, असा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानत नाही. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, फरफटते, पण सांभाळून थांबवता येते. पुढचा फुटला तर हँडलवरचा ताबाच जातो, उतारावर तर पडणं टळत नाही. म्हणून झिजलेला टायर पुढे कधीच बसवायचा नाही. मागचा संपला की तो काढावा, पुढचा मागे न्यावा आणि नवा पुढे बसवावा. अशाने पैसे वाया जात नाहीत आणि उत्तम टायर नेहमी पुढे राहतो. कोकणातून आल्यावर मी तेच केलं.

टायर बदलायचा ठरवला तरी वाटेत तो मिळाला पाहिजे. काही वर्षांपूर्वी बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि केळशीच्या दिशेने निघालो. तुटक्या चिऱ्याच्या धारेने मागच्या टायरची बाजू इंचभर कापली गेली आणि ट्यूब त्यातून लिंबाएवढी बाहेर आली. खिशात जुन्या टायरचा तीन इंची तुकडा होता. त्याची तार कापून टाकलेली, कडा कानशीने पातळ केलेल्या. तो आतून, टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवला, हवा थोडी कमी भरली आणि हळूहळू तालुक्याचं गाव गाठलं. तिथल्या दुकानदाराने मायेने माळ्यावरचे सगळे टायर खाली काढले. ‘अठ्ठावीसचा आहे की!’ म्हणून एक पुढेही केला. पण तो आपल्या पारंपरिक काळ्या सायकलीचा, ६३५ मिलिमीटर रिमचा. माझं चाक ७०० सी, म्हणजे ६२२ मिलिमीटरचं. बोलीत दोन्ही ‘अठ्ठावीस’, प्रत्यक्षात तेरा मिलिमीटरचा फरक. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असा आकडा छापलेला असतो. त्यातला पहिला रुंदी सांगतो आणि दुसरा रिमवरच्या बैठकीचा व्यास. हा दुसरा आकडा पाठ असायला हवा. तो तंतोतंत जुळला तरच टायर बसतो. त्या दिवशी टायर मिळाला नाही, पुढचा सगळा प्रवास त्या तुकड्यावरच झाला.

अशा वेळी जुन्या सायकलस्वारांची आठवण होते. हवेचा टायर स्कॉटलंडच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर जेमतेम ३५ वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, ती पूर्ण करून मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण-इराकच्या वाळवंटातून, युरोप-अमेरिकेतून, जपान-चीनमधून. आजच्या चांगल्या टायरला मागच्या चाकावर ८,००० किलोमीटर दिले तरी एवढ्या प्रवासाला एका सायकलीचे मागचे नऊ टायर लागतील. त्या काळच्या टायरमध्ये नायलॉन नव्हतं, सुती धागा होता. ओलीने तो कुजायचा. मुंबईच्या सायकलस्वारांत या तिघांचं नाव पुढच्या पिढीला मुद्दाम सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

माझा स्वतःचा नियम आता ठरलेला आहे. महाराष्ट्रातले रस्ते, घाट आणि वीस-पंचवीस किलो सामान धरून मी मागच्या टायरला ६,००० किलोमीटर देतो, पुढच्याला ते १२,००० पर्यंत मिळतात. मात्र पाच-सहा वर्षं उलटली की किलोमीटर न बघता दोन्ही बदलतो. मागच्या टायरने चार हजार ओलांडले असतील आणि पुढची सफर हजार किलोमीटरहून मोठी असेल, तर घरीच नवा टायर चढवून, शे-दीडशे किलोमीटर चालवून मगच निघतो. काढलेला टायर भंगारात देण्याआधी त्याच्या कमी झिजलेल्या भागातून तीन-तीन इंचाचे चार तुकडे कापतो, तार काढून कडा घासतो. एक माझ्या हत्यारांच्या पिशवीत जातो, उरलेले बरोबरच्या सोबत्यांना देतो. तुम्हीही पुढच्या सफरीला निघाल तेव्हा पंक्चरच्या सोल्युशनशेजारी असा एक तुकडा असू द्या.